निम्मं धरावं, निम्मं सरकू द्यावं: टर्बाइनच्या पात्यांची थरथर घर्षणाने कशी आवरतात

टर्बाइनचं एखादं पातं सेकंदाला ३००० वेळा थरथरत असेल, तर एक कोटी हेलकावे पुरे व्हायला साधारण ५६ मिनिटं लागतात. धातू थकून तडकण्याचा हिशोब करताना एक कोटी हा आकडा वारंवार समोर येतो. म्हणजे सकाळी ठणठणीत असलेल्या पात्याला दुपारच्या जेवणाआधी तडा जाऊ शकतो, आणि तेही वाफेचं तापमान, दाब, फेरे असं सगळं मर्यादेत असताना.

सेकंदाला ३००० हा आकडाही काही मुद्दाम फुगवलेला नाही. आपल्याकडची मोठ्या वीजकेंद्रांतली बहुतेक वाफेची टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ५०. फिरत्या पात्यांच्या अलीकडे स्थिर पात्यांचं कडं असतं, वाफेला दिशा देणारं. त्या प्रत्येक स्थिर पात्याच्या मागे वाफेचा वेग थोडा मंदावलेला असतो. फिरतं पातं त्या मंद पट्ट्यातून गेलं की त्याला हलकासा धक्का बसतो. कड्यात ६० स्थिर पाती असतील तर एका फेरीत ६० धक्के आणि सेकंदाला ५० गुणिले ६०, म्हणजे ३०००. पात्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता याच आकड्याच्या आसपास असली, तर प्रत्येक धक्का नेमक्या वेळी बसतो. झोका देणारा जसा बरोबर क्षणी ढकलतो, तसा. याला अनुस्पंदन म्हणतात. कारखान्यात सगळे रेझोनन्सच म्हणतात.

पातं तुटलं की नुकसान पात्यापुरतं राहत नाही. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात पहिल्या युनिटच्या कमी दाबाच्या टर्बाइनमधली शेवटच्या टप्प्याची दोन पाती थकव्याने तुटली. रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा, तोल गेला, हादऱ्यांनी जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला, आग लागली, केबल जळाल्या आणि युनिट सुमारे १७ तास विजेविना राहिलं. सुरुवात दोन पात्यांपासून झाली होती.

थरथर टाळताच येणार नाही का?

पहिला उपाय अर्थातच तो: रेझोनन्सच्या वाटेलाच जायचं नाही. विल्फ्रेड कॅम्पबेल या अभियंत्याने १९२४ मध्ये वाफेच्या टर्बाइनच्या चकत्यांवर (पाती ज्यांच्या कडेवर बसवतात त्या) जो अभ्यास मांडला, त्यातून आलेला आलेख आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. आडव्या अक्षावर फेरे आणि उभ्या अक्षावर वारंवारता. पात्याच्या वारंवारतेच्या जवळजवळ आडव्या रेषा आणि धक्क्यांच्या तिरप्या रेषा जिथे छेदतात तिथे धोका. चालू वेगाच्या आसपास छेद येऊ द्यायचा नाही, एवढंच.

चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या केंद्रात हे बऱ्यापैकी जमतं, कारण ग्रिडला जोडलेलं यंत्र एकाच वेगाने फिरतं. तरी चालू-बंद करताना प्रत्येक छेदातून जावंच लागतं. विमानाच्या इंजिनाला किंवा साखर कारखान्यात ऊस गाळणाऱ्या मिलला फिरवणाऱ्या टर्बाइनला एकच वेग नसतो. पात्याला वारंवारताही एक नसते: पहिलं वाकणं, दुसरं वाकणं, पीळ, कडेची थरथर अशा अनेक असतात. सगळे छेद टाळायचे म्हटलं तर यंत्र चालवायला जागाच उरत नाही.

मग थरथर होणार हे धरून तिची ऊर्जा काढून घ्यायची. याला अवमंदन किंवा डॅम्पिंग म्हणतात. अडचण अशी की पात्याचा धातू या कामात अगदी आळशी असतो. निकेलच्या मिश्रधातूचं पातं टांगून ठोकलं तर घंटेसारखं वाजत राहतं. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की आत शिरलेली ऊर्जा बाहेर पडत नाही. तेवढाच जोर स्थिर ठेवून पातं जितकं वाकेल, त्याच्या शेकडो पट ते रेझोनन्समध्ये वाकू शकतं. आजूबाजूचा वायू थोडी ऊर्जा शोषतो, पण त्याच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. रबर, तेल, प्लास्टिक हे नेहमीचे उपाय इथे चालत नाहीत, कारण तापमान शेकडो अंश असतं आणि सगळं बाहेरच्या बाजूला भिरकावलं जात असतं. उरतो धातूवर धातू घासण्याचा मार्ग. तो तापमानाला बधत नाही, त्याला वायर-पाइप लागत नाहीत आणि जागाही फारशी लागत नाही.

ट्रकच्या पाट्यांकडे पाहा

घर्षणाने थरथर मारण्याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकावरचे कमानीचे पाटे. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या गाडी उसळली की एकमेकींवर थोड्या सरकतात आणि घासण्यात उसळीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. आता यात बिघाड दोन प्रकारे होतो. पाट्यांत ग्रीस भरपूर भरलं तर पट्ट्या सहज सरकतात, पण सरकताना विरोध नाही, म्हणून गाडी उड्या मारत राहते. पाटे गंजून चिकटले तर विरोध भरपूर आहे, पण सरकणंच नाही. सगळे पाटे मिळून एक जाड पट्टी झाली आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत.

ऊर्जा जिरते ती घर्षणबल आणि सरकलेलं अंतर यांच्या गुणाकारात. बल वाढवत गेलं की अंतर कमी होत जातं. म्हणून दोन्ही टोकांना गुणाकार शून्याकडे जातो आणि मधे कुठेतरी तो सर्वात मोठा असतो. टर्बाइनमधल्या घर्षणाचा सगळा खेळ हा मधला बिंदू शोधण्याचा आहे. ‘जितकं घट्ट तितकं सुरक्षित’ हा मेकॅनिकच्या हातात मुरलेला नियम इथे सरळ चुकीचा ठरतो.

आकड्यांत पाहू. पात्याच्या पायथ्याशी दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकले आहेत. ते लगेच सरकत नाहीत. आधी टेकलेली जागा स्प्रिंगसारखी ताणली जाते. समजा तिची ताठरता एका मायक्रॉनला (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला) २० न्यूटन आहे आणि पायथा दोन्ही बाजूंना १० मायक्रॉन हलतो आहे. घर्षणबलाची कमाल मर्यादा, म्हणजे घर्षणांक गुणिले दाब, फक्त २० न्यूटन असली तर पहिल्या मायक्रॉनमध्येच ती गाठली जाते आणि पुढे नुसतं सरकणं. एका पूर्ण हेलकाव्यात सरकणं ४ गुणिले ९, म्हणजे ३६ मायक्रॉन, ऊर्जा ०.७२ मिलिज्यूल. मर्यादा १०० न्यूटन केली तर पहिले ५ मायक्रॉन ताणण्यात जातात, सरकणं २० मायक्रॉन उरतं, पण ऊर्जा २ मिलिज्यूल होते. मर्यादा १८० केली तर सरकणं फक्त ४ मायक्रॉन आणि ऊर्जा पुन्हा ०.७२. २०० न्यूटनला सरकणं बंद, ऊर्जा शून्य.

म्हणजे या हालचालीसाठी सर्वोत्तम स्थिती ती, जिथे निम्मी हालचाल ताणण्यात जाते आणि निम्मी सरकण्यात. २ मिलिज्यूल ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण सेकंदाला ३००० हेलकावे धरले तर ते ६ वॅट होतात. एका पात्याच्या थरथरीतून सतत ६ वॅट काढून घेणं ही मोठी गोष्ट आहे.

याच आकड्यांत एक महत्त्वाची मेख दडली आहे. हालचाल १० ऐवजी २० मायक्रॉन झाली तर सर्वोत्तम मर्यादा १०० वरून २०० न्यूटनवर जाते. म्हणजे मघाशी पूर्ण चिकटून निरुपयोगी ठरलेला सांधा थरथर दुप्पट झाल्यावर एकदम सर्वोत्तम ठरतो. घर्षण-डॅम्पर, म्हणजे घासून थरथर खाणारा भाग, ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा नसतोच. तो एका ठरावीक थरथरीसाठी चांगला असतो. त्यामुळे धक्क्याचं बल माहीत नसताना डॅम्परचं वजन ठरवणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल शिवणं.

घर्षणबलाची खालची मर्यादा कंपनांचे अभ्यासक डेन हार्टॉग यांनी १९३१ च्या सुमारास गणिताने दाखवली. रेझोनन्समध्ये एका हेलकाव्यात धक्क्याने आत टाकलेली ऊर्जा π (३.१४) गुणिले बल गुणिले हालचाल एवढी असते. घर्षणाने बाहेर जाणारी ऊर्जा ४ गुणिले घर्षणबल गुणिले हालचाल. दोन्हींत हालचाल एकाच घाताने येते, म्हणून ती हिशोबातून निघून जाते. उरतं एवढंच: घर्षणबल धक्क्याच्या बलाच्या सुमारे ०.७९ पटीपेक्षा कमी असेल, तर निव्वळ घर्षण ती थरथर कधीच आवरू शकणार नाही, मग ती कितीही वाढो.

पात्याखाली लपलेला तुकडा

गॅस टर्बाइनमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा घर्षण-डॅम्पर बाहेरून दिसतही नाही. पात्याचा हवेतला भाग जिथे संपतो तिथे एक छोटा ओटा असतो, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. त्याच्या खाली मान आणि मानेखाली चकतीच्या खाचेत बसणारं मूळ. शेजारशेजारच्या दोन पात्यांच्या प्लॅटफॉर्ममध्ये बारीक फट असते. या फटीच्या खाली, दोन मानांच्या मधल्या खिशात, धातूचा एक सुटा तुकडा ठेवतात. वजन साधारण काही ग्रॅम. बोल्ट नाही, वेल्ड नाही, चिकटवणं नाही. यंत्र थांबलेलं असताना तो खिशात खुळखुळतो आणि ते बरोबरच आहे.

यंत्र फिरू लागलं की तो बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन दोन्ही प्लॅटफॉर्मच्या खालच्या अंगावर दाबला जातो. किती जोराने? ५ ग्रॅमचा तुकडा, अक्षापासून ३० सेंटिमीटरवर, मिनिटाला १०,००० फेरे. बल सुमारे १६४५ न्यूटन, म्हणजे १६८ किलो वजन ठेवल्यासारखं. पाच ग्रॅमवर! फेरे निम्मे केले तर बल चौथाई होतं, ४२ किलोच्या आसपास. हा वर्गाचा संबंध विसरून चालत नाही. १०,००० फेऱ्यांवरच्या रेझोनन्ससाठी नेमकं जमवलेलं वजन ५००० फेऱ्यांवरच्या दुसऱ्या रेझोनन्ससाठी फारच हलकं ठरू शकतं. एकाच तुकड्याने सगळे छेद सांभाळावेत ही अपेक्षा ठेवता येत नाही. सर्वांत घातक छेद कोणता ते आधी ठरवावं लागतं.

तुकड्याचा आकार हा स्वतंत्र विषय आहे. सर्वांत साधा म्हणजे गोल दांडी. बनवायला सोपी, आणि प्लॅटफॉर्म थोडे वाकडेतिकडे असले तरी नीट टेकते. पण दोन शेजारी पाती एकत्र एकाच दिशेने डोलतात तेव्हा एक प्लॅटफॉर्म किंचित वर जातो आणि दुसरा खाली. अशा वेळी दांडी घासत नाही, लाटण्यासारखी गडगडते. गडगडण्यात ऊर्जा जवळपास जिरतच नाही. फट उघडझाप करते अशा थरथरीत मात्र तीच दांडी छान काम करते.

दुसरा आकार पाचरीचा: दोन सपाट तिरपे पृष्ठभाग. ती गडगडत नाही. पण सपाटावर सपाट पूर्ण टेकणं कागदावरच होतं. प्लॅटफॉर्मचा कोन थोडा चुकला की पाचर एका कडेवर उभी राहते आणि ताठरता, दाब, झीज यांचे सगळे अंदाज बिघडतात. पाचरीच्या कोनाला खालूनही मर्यादा आहे. लाकडात ठोकलेली निमुळती पाचर स्वतःहून निघत नाही, तेच इथे होतं. घर्षणांक ०.५ असेल तर पाचरीचा अर्धा कोन साधारण २७ अंशांपेक्षा कमी ठेवला की ती अडकून बसते. वेग कमी झाल्यावरही सुटत नाही आणि मग पुढच्या खेपेला ती कुठल्या दाबाने बसली आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. ४५ अंशांच्या आसपास ही भीती राहत नाही.

म्हणून एका बाजूला गोलाई आणि दुसऱ्या बाजूला सपाट असा मिश्र आकारही वापरतात. सपाट बाजू गडगडू देत नाही, गोल बाजू कोनातली चूक पोटात घालते. इटलीतल्या तुरीनच्या तंत्रविद्यापीठात आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अशा तुकड्यांवर वर्षानुवर्षं मोजमापं झाली आहेत. मिश्र आकाराचा तोटा असेंब्लीच्या टेबलावर दिसतो: तो उलटा बसू शकतो. म्हणून चांगल्या डिझाइनमध्ये त्याला असं एखादं टोक किंवा कान ठेवतात की उलटा घातला तर खिशात जाणारच नाही.

तुकडा हलण्यासाठी शेजारी हलायला हवेत

आता अशी एक बाब, जी पहिल्यांदा ऐकली की विचित्र वाटते. डॅम्पर दोन पात्यांच्या मधे असतो, म्हणून त्याला पात्यांच्या हालचालीशी देणंघेणं नसतं. त्याला त्या दोघांमधल्या फरकाशी देणंघेणं असतं.

चकतीवरची पाती एकेकटी थरथरत नाहीत. सगळी मिळून एक लाट बनवतात. चकतीवर ६० पाती आहेत आणि लाटेच्या पूर्ण घड्या ३ आहेत, म्हणजे चकतीभोवती एक फेरी मारताना लाट तीनदा वरखाली होते, असं समजा. मग शेजारच्या दोन पात्यांच्या हेलकाव्यांत फक्त १८ अंशांचा फरक पडतो (पूर्ण हेलकावा म्हणजे ३६० अंश) आणि दोघांमधली सापेक्ष हालचाल एका पात्याच्या हालचालीच्या ०.३१ पटच राहते. घड्या २० असतील तर तीच १.७३ पट होते. म्हणजे तोच तुकडा, तेच वजन, तोच वेग, आणि वाट्याला येणारं सरकणं साडेपाच पट.

घड्या किती, हे कोण ठरवतं? स्थिर पात्यांची संख्या. ६० फिरत्या पात्यांपुढे ४० स्थिर पाती असली तर २० घड्यांची लाट उठते. ५७ असली तर ६० वजा ५७, म्हणजे ३ घड्यांची. आणि वर सुरुवातीच्या उदाहरणात आपण स्थिर पाती ६० घेतली होती. चकतीवरही ६०च असती, तर सगळी पाती कवायतीसारखी एकाच वेळी एकाच दिशेने डोलली असती, सापेक्ष हालचाल शून्य झाली असती आणि मधले तुकडे जवळजवळ नुसते प्रवासी राहिले असते. म्हणून डॅम्परचा विचार पात्यांची संख्या ठरवतानाच करावा लागतो. डिझाइन संपल्यावर ‘आता डॅम्पर टाकू’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा उशीर झालेला असतो.

दुसरी अट मानेची. टोक अर्धा मिलिमीटर हलत असताना प्लॅटफॉर्म दोन मायक्रॉनच हलत असेल, तर तिथे कितीही सुरेख तुकडा ठेवा, त्याच्या हाती काही लागत नाही. गॅस टर्बाइनच्या पात्यांची मान लांब ठेवतात, त्याचं एक कारण हे आहे: प्लॅटफॉर्मला डोलायला वाव मिळतो. कडेची थरथर किंवा वरच्या वारंवारतांचे प्रकार, ज्यांत पायथा जवळपास स्थिरच असतो, ते प्लॅटफॉर्मखालच्या डॅम्परच्या आवाक्याबाहेरचेच.

टोकाला, मध्याला आणि मुळाशी

वाफेच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली पाती जवळपास एक मीटर लांब असू शकतात. त्यांच्यासाठी पायथ्याचं घर्षण पुरत नाही. इथे टोकालाच एक छोटी टोपी असते, श्राउड म्हणतात तिला, आणि शेजारच्या टोप्या एकमेकींना भिडतात. लांब पातं पिळलेलं असतं आणि फिरताना केंद्रोत्सारी ओढीने तो पीळ थोडा सुटतो. टोप्यांची बाजू अशा कोनात कापतात की पीळ सुटताना त्या एकमेकींवर दाबल्या जाव्यात. थांबलेल्या यंत्रात त्यांच्यात फट दिसते, ठरावीक वेगानंतर फट मिटते. हा मिटण्याचा वेग महत्त्वाचा: त्याच्या खाली पाती सुटी असतात, त्यांची वारंवारता वेगळी आणि आधार शून्य. यंत्र चढवताना त्या पट्ट्यात रेंगाळायचं नसतं.

जुना आणि अजूनही टिकलेला उपाय म्हणजे तार. पात्यांना भोकं पाडून त्यांतून एक तार ओवायची, हारात फुलं ओवतात तशी. तार सैल ठेवली तर फिरताना ती बाहेर दाबली जाऊन भोकाच्या कडेवर घासते आणि थरथर खाते. गोम अशी की भोक पाडलेली जागा पात्याचा सर्वांत अशक्त भाग होते, तार तिथेच घासते, आणि वाफेच्या वाटेत अडथळाही तीच.

विमानांच्या पंख्यांत एके काळी पात्याच्या मध्यावर कान असत, शेजाऱ्याच्या कानाला टेकणारे. ते थरथर आवरत, पण हवेच्या वाटेत आडवे येत आणि इंधन खात. १९८४ मध्ये सेवेत आलेल्या रोल्स-रॉइसच्या आरबी२११-५३५ई४ या इंजिनाने रुंद पात्यांचा, कान नसलेला पंखा आणला. आजची मोठी प्रवासी विमानं त्याच वाटेने गेली.

मुळाचं घर्षण मात्र वाटतं तेवढं कामाचं नाही. वेग कमी असताना मूळ खाचेत सैल असतं. विमानतळावर उभ्या इंजिनाचा पंखा वाऱ्याने हळू फिरतो तेव्हा ऐकू येणारी खळखळ त्याचीच. पूर्ण वेगात पात्याची प्रचंड ओढ मूळ खाचेत इतकं घट्ट दाबते की सरकणं कडेच्या बारीक पट्ट्यापुरतं उरतं.

आणि चकती-पाती एकाच अखंड धातूतून कोरलेली असतील, ज्याला ब्लिस्क म्हणतात, तर मूळ नाही, फट नाही, सुटा तुकडा ठेवायला जागाही नाही. तिथे चकतीच्या कड्याखाली खाच कोरून त्यात एक चिरलेलं कडं बसवतात. चीर असल्यामुळे ते फिरताना पसरून खाचेवर दाबलं जातं. पण कडं घासायला चकतीची कड हलली पाहिजे. थरथर फक्त पात्यातच असेल आणि कड शांत असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

डॅम्पर वारंवारताही बदलतो

चिकटलेला तुकडा म्हणजे दोन पात्यांमधली जास्तीची स्प्रिंग. समजा डॅम्परशिवाय पात्याची वारंवारता ९०० हर्ट्झ आहे आणि डॅम्पर पूर्ण चिकटल्यावर ९६०. तुकड्याचं वजन योग्य असेल तर थरथरीचं शिखर या दोहोंच्या मधे कुठेतरी, बुटकं होऊन बसतं. जास्त वजन घातलं तर ते ९६० ला पुन्हा उंच होतं. डॅम्पर घातल्यावर ‘९०० ची थरथर गेली’ म्हणून समाधान मानणाऱ्याने थोडे फेरे वाढवून पाहावेत. ती ६० हर्ट्झ पुढे जाऊन वाट बघत असू शकते.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. धक्क्यांमुळे होणारी थरथर वेगळी आणि फ्लटर वेगळं. फ्लटरमध्ये पात्याची स्वतःची हालचालच वायूतून ऊर्जा ओढते, आणि ती ऊर्जा हालचालीच्या वर्गाने वाढते. घर्षण मात्र हालचालीच्या पहिल्याच घाताने ऊर्जा घेतं. त्यामुळे एका हद्दीपर्यंत घर्षण जिंकतं, हद्द ओलांडली की हरतं आणि मग हरतच जातं. चाचणीत शांत दिसलेलं पातं एखाद्या मोठ्या हिसक्याने त्या हद्दीपलीकडे ढकललं गेलं, तर डॅम्पर त्याला परत आणू शकत नाही.

पाती एकसारखी नसण्याचाही प्रश्न आहे. ओतकाम, घासकाम, झीज यांमुळे प्रत्येक पात्याची वारंवारता थोडी वेगळी असते, आणि एवढ्याशा फरकाने सगळ्या चकतीची ऊर्जा एखाद्याच पात्यात साठू शकते. व्हाइटहेड या संशोधकाने १९६६ मध्ये त्याची कमाल मर्यादा मांडली: एक अधिक पात्यांच्या संख्येचं वर्गमूळ, भागिले दोन. ६० पात्यांसाठी ४.४ पट. प्रत्यक्षात एवढं क्वचितच होतं, आणि घर्षणामुळे आणखी कमी होतं.

हिशोब आणि मोजणी

हा प्रश्न संगणकाला जड जातो, कारण टेकलेला प्रत्येक बिंदू एका हेलकाव्यात चिकटतो, सरकतो, कधी सुटतोही. क्षणाक्षणाने पुढे जात हिशोब केला तर स्थिर थरथर येईपर्यंत शेकडो हेलकावे मोजावे लागतात. म्हणून हालचाल काही मोजक्या साइन लहरींची बेरीज मानतात. एक हेलकावा काळात मांडून घर्षणबल काढतात, ते पुन्हा लहरींत बदलतात आणि दोन्ही बाजू जुळेपर्यंत हे चालू ठेवतात. जेरी ग्रिफिन या संशोधकाने १९८० मध्ये पात्याच्या घर्षण-डॅम्परचं साधं, वापरण्याजोगं मॉडेल दिलं, आणि १९८९ मध्ये कॅमेरॉन यांच्यासह काळ आणि लहरी यांच्यात ये-जा करण्याची ही पद्धत मांडली. आजचे बहुतेक प्रोग्राम याच पायावर उभे आहेत.

प्रोग्राम कितीही चांगला असो, त्याला दोन आकडे बाहेरून द्यावे लागतात: घर्षणांक आणि टेकलेल्या जागेची ताठरता. हे पुस्तकातून उचलता येत नाहीत. त्याच धातूंचे दोन छोटे नमुने, तेच तापमान, तोच दाब ठेवून मागेपुढे घासतात आणि लेझरने हालचाल मोजतात. बल आणि हालचाल यांचा आलेख काढला की तिरपा चौकोन दिसतो. त्याची तिरपी बाजू ताठरता सांगते, सपाट बाजू घर्षणबल, आणि आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका हेलकाव्यात जिरलेली ऊर्जा. नव्या पृष्ठभागाचा आणि लाखो वेळा घासलेल्याचा चौकोन सारखा नसतो, म्हणून घासून रुळलेल्या स्थितीचे आकडे घ्यायचे. गरम असताना कोबाल्टच्या मिश्रधातूंवर ऑक्साइडचा गुळगुळीत थर तयार होतो, त्याने घर्षणांक आणि झीज दोन्ही उतरतात. थंडीत मोजलेला आकडा गरम यंत्राला लावणं ही नेहमीची चूक आहे.

वर्कशॉपमध्ये काय बिघडतं

झीज तर होणारच. घासण्यासाठीच तर तो तुकडा आहे. मात्र कोण झिजावं हे ठरवता येतं. पातं महाग, तुकडा स्वस्त, म्हणून तुकड्याचा धातू असा निवडतात की झीज त्याच्या वाट्याला यावी. ५ ग्रॅमच्या तुकड्याचं पाव ग्रॅम झिजलं तर दाब ५ टक्क्यांनी उतरतो, तेवढं चालतं. खरी अडचण आकाराची. प्लॅटफॉर्मखाली घासून पायरी पडली आणि नवा तुकडा त्या पायरीच्या काठावर बसला, तर नव्या तुकड्याचं काम जुन्यापेक्षा वाईट होतं. म्हणून तुकडे बदलताना प्लॅटफॉर्मच्या खालच्या अंगावरून नख फिरवून पाहायचं. नख अडलं तर मोजमाप घ्यायचं.

वाफेच्या टर्बाइनमध्ये शत्रू वेगळा: मीठ आणि सिलिका. बॉयलरचं पाणी बिघडलं की त्यांचा थर श्राउडच्या फटीत आणि तारेच्या भोकात साचतो. सरकणारा सांधा जाम होतो, गंजलेल्या पाट्यांसारखा. पाती धुतल्यावर तार बोटाने हलते का, हे प्रत्येक गटात बघावं.

असेंब्लीत एखादा तुकडा राहून जाणं हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं, पण खिसा झाकला गेल्यावर तो दिसत नाही. खात्रीचा उपाय मोजणीचा: चकतीवर ६० पाती असतील तर ट्रेमध्ये ६० तुकडे मोजून ठेवायचे आणि शेवटी ट्रे रिकामा आहे का पाहायचं. प्रत्येक तुकडा वजन करून घ्यायचा. एकाच संचात जुने-नवे मिसळले तर काही पात्यांना जास्त दाब, काहींना कमी, आणि तोलही बिघडतो. खिशात ग्रीस, सील लावायची पेस्ट किंवा गंजरोधक तेल राहता कामा नये. ते गरम होऊन जळतं, कार्बनचा थर उरतो, आणि त्याचा घर्षणांक कुणी मोजलेला नसतो.

वजन ठरवताना हिशोबातल्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा किंचित जड बाजूला राहिलेलं बरं. जड तुकडा थरथर वाढली की स्वतःहून सरकू लागतो आणि झिजत झिजत योग्य वजनाकडेच येतो. हलका तुकडा झिजून आणखी हलका होतो, आणि डेन हार्टॉगच्या ०.७९ च्या खाली गेला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या पात्याला कुणी वाली उरत नाही.